‘नरो वा कुंजरो वा’ : ऐकू न आलेल्या शब्दाची कथा

एखाद्या प्रश्नाला होकार वा नकार न देता, दोन्ही अर्थ निघतील असे मोघम उत्तर कोणी दिले की त्याने ‘नरो वा कुंजरो वा’ केले, असे मराठीत म्हटले जाते. वादग्रस्त ठरावावर मत देण्याची वेळ आली असता बोटचेपे निवेदन काढणारा पक्ष, दोन भावांच्या भांडणात दोघांनाही बरे वाटेल असे बोलून बाजूला होणारा नातेवाईक, चौकशीत ‘असेलही, नसेलही’ असे सांगून वेळ मारून नेणारा अधिकारी, या साऱ्यांच्या वर्तनाला हा वाक्प्रचार लावला जातो. ‘तळ्यात-मळ्यात करणे’, ‘दोन्ही डगरींवर हात ठेवणे’ हे त्याच्या आसपासचे मराठी वाक्प्रयोग. मात्र त्यांच्या तुलनेत ‘नरो वा कुंजरो वा’ला एक प्रतिष्ठा आहे, कारण तो संस्कृतात आहे आणि त्याच्यामागे महाभारतातील एक अत्यंत गंभीर प्रसंग उभा आहे. हा प्रसंग नेमका काय होता आणि वाक्प्रचाराचा आजचा अर्थ त्याच्याशी कितपत जुळतो, हे पाहू गेल्यास असे दिसते की भाषेने या कथेतील शब्द जपून ठेवले असले तरी तिचा गाभा बराचसा वाटेत सांडला आहे.

प्रथम शब्दांविषयी. ‘नर’ म्हणजे माणूस, ‘कुंजर’ म्हणजे हत्ती आणि ‘वा’ म्हणजे किंवा. संस्कृतात ‘नरः’ आणि ‘कुञ्जरः’ या रूपांपुढे ‘वा’ आला असता संधिनियमानुसार शेवटच्या विसर्गाचा ओकार होतो, म्हणून ‘नरो वा कुञ्जरो वा’. संपूर्ण वाक्य ‘अश्वत्थामा हतो नरो वा कुंजरो वा’ असे सांगितले जाते आणि त्याचा अर्थ ‘अश्वत्थामा मारला गेला, माणूस किंवा हत्ती’ असा होतो. मराठी माणूस या वाक्याचा बहुधा उत्तरार्धच उच्चारतो. वाक्प्रचार आटोपशीर व्हावा म्हणून झालेली ही काटछाट स्वाभाविक असली, तरी तिच्यामुळे ‘हतः’ हा शब्द, म्हणजे मृत्यूची बातमी, वाक्यातून गळून पडली आहे, आणि ज्या बापाला ती बातमी सांगितली गेली तोही नजरेआड झाला आहे.

तो बाप म्हणजे द्रोणाचार्य. कुरुक्षेत्रावरील अठरा दिवसांच्या युद्धात पहिले दहा दिवस भीष्म कौरवांचे सेनापती होते. ते शरपंजरी पडल्यावर अकराव्या दिवशी सेनापतिपद द्रोणांकडे आले आणि पाच दिवस त्यांच्याकडे राहिले. या पाच दिवसांत युद्धाची रीत झपाट्याने ढासळत गेली. अभिमन्यूला अनेकांनी मिळून मारले, जयद्रथाच्या वधासाठी अर्जुनाने सूर्यास्ताच्या मुदतीची प्रतिज्ञा केली, चौदाव्या दिवशी सूर्यास्तानंतरही लढाई थांबली नाही आणि त्या रात्री मशालींच्या उजेडात चाललेल्या संग्रामात घटोत्कच पडला. पंधरावा दिवस उजाडला तेव्हा दोन्ही सैन्ये झोपेने व्याकूळ झालेली होती. त्या दिवशी द्रोणांनी पांडवांचे दोन वृद्ध आधार, विराट आणि द्रुपद, यांना ठार केले आणि पांचालांच्या सैन्याची अशी धूळधाण मांडली की त्यांना थांबवणे कोणालाच शक्य दिसेना.

या वेळी कृष्णाने पांडवांना सांगितले की, हातात धनुष्य असेपर्यंत द्रोण युद्धात अजिंक्य आहेत, परंतु अश्वत्थामा मारला गेला असे कळले तर ते लढणार नाहीत. तेव्हा कोणीतरी जाऊन त्यांना तसे सांगावे. या सल्ल्यावरील प्रत्येकाची प्रतिक्रिया महाभारतकाराने अगदी थोडक्या शब्दांत नोंदवली आहे, आणि त्या नोंदीचे मोल फार मोठे आहे. अर्जुनाला हा सल्ला मुळीच रुचला नाही, इतर सर्वांना तो पटला, आणि युधिष्ठिराने तो मोठ्या कष्टाने मान्य केला. मग भीमाने आपल्याच सैन्यातला अश्वत्थामा नावाचा एक प्रचंड हत्ती गदेने मारला आणि द्रोणांजवळ जाऊन, लाजत लाजत पण मोठ्या आवाजात, ‘अश्वत्थामा मारला गेला’ असे ओरडून सांगितले. भीमासारख्या मनस्वी योद्ध्यालाही हे बोलताना लाज वाटली, हे सांगण्यास व्यास विसरत नाहीत.

भीमाचे शब्द कानी पडताच पाण्यात वाळू विरघळावी तशी द्रोणांची गात्रे शिथिल झाली, असे महाभारत म्हणते. परंतु आपल्या पुत्राचे सामर्थ्य ठाऊक असल्यामुळे त्यांनी ती बातमी खोटी मानली, स्वतःला सावरले आणि ब्रह्मास्त्राचा वापर करून हजारो पांचाल वीरांना जाळून टाकले. त्याच वेळी विश्वामित्र, वसिष्ठ, अत्री इत्यादी ऋषी त्यांच्यासमोर प्रकट झाले. अस्त्रविद्या न जाणणाऱ्या साध्या सैनिकांवर ब्रह्मास्त्र सोडणे हा अधर्म असल्याचे सांगून, आता शस्त्र खाली ठेवण्याची वेळ झाली असल्याची जाणीव त्यांनी करून दिली. हा तपशील लोककथेत सहसा येत नाही, पण तो महत्त्वाचा आहे, कारण त्यातून द्रोणांची बाजूही निर्दोष नव्हती हे स्पष्ट होते. व्यासांच्या लेखी या प्रसंगात एकही पात्र हात स्वच्छ ठेवून उभे नाही.

मन डळमळीत झालेल्या द्रोणांनी अखेर युधिष्ठिराला विचारायचे ठरवले. तिन्ही लोकांचे राज्य मिळणार असले तरीही हा पृथापुत्र खोटे बोलणार नाही, अशी त्यांची लहानपणापासून त्याच्याविषयी खात्री होती, आणि म्हणूनच त्यांनी दुसऱ्या कोणालाही विचारले नाही. द्रोण युधिष्ठिराकडे येणार हे ओळखून कृष्णाने त्याला सांगितले की, संतापलेले द्रोण आणखी अर्धा दिवस लढले तर तुझ्या सैन्याचा नाश ठरलेला आहे, तेव्हा त्यांच्यापासून आम्हाला वाचव. प्राण वाचवण्यासाठी बोललेले असत्य सत्यापेक्षा श्रेष्ठ असते. भीमानेही मालवराजा इंद्रवर्म्याचा अश्वत्थामा नावाचा हत्ती आपण मारल्याचे त्याच्या कानावर घातले. असत्याची भीती आणि विजयाची ओढ या दोहोंच्या कचाट्यात सापडलेल्या युधिष्ठिराने ‘अश्वत्थामा मारला गेला’ असे मोठ्याने सांगितले आणि ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्टपणे उच्चारला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. ‘नरो वा कुंजरो वा’ हे शब्द महाभारताच्या मूळ संहितेत युधिष्ठिराच्या तोंडी नाहीत. द्रोणपर्वातील वर्णनानुसार त्याने फक्त हत्तीचाच उल्लेख केला आणि तो अव्यक्त, म्हणजे ऐकू जाणार नाही असा केला. ‘माणूस की हत्ती’ असा पर्याय तेथे नाही. युधिष्ठिर हे शब्द उच्चारत असतानाच कृष्णाने शंख फुंकला किंवा रणवाद्ये वाजू लागली आणि त्यात ‘कुंजर’ शब्द बुडून गेला, ही कीर्तन-प्रवचनांतून व बालवाङ्मयातून घरोघरी पोहोचलेली हकीकतही मूळ संहितेत आढळत नाही.

मूळ संहिता म्हणजे कोणती, असा प्रश्न येथे उपस्थित होणे साहजिक आहे, आणि त्याच्या उत्तरात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. महाभारताच्या हस्तलिखितांत प्रांतोप्रांती पुष्कळ फरक आढळतात. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथीत नसलेले श्लोक दक्षिणेकडील ग्रंथ किंवा तेलुगू लिपीतील पोथीत सापडतात. या सर्व पोथ्या ताडून पाहून, त्यांच्या मुळाशी असलेला सर्वांत जुना आणि समान पाठ कोणता असावा हे ठरवण्याचे काम पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतले. अशा रीतीने सिद्ध केलेल्या पाठाला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. 1925 पासून 1943 मध्ये निधन होईपर्यंत विष्णू सीताराम सुखठणकर यांनी या कार्याचे प्रमुख संपादक म्हणून काम पाहिले, त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी ते पुढे नेले, आणि जवळजवळ अर्ध्या शतकाच्या परिश्रमांनंतर 1966 मध्ये ते पूर्णत्वास गेले. त्यासाठी तपासलेल्या हस्तलिखितांची संख्या 1,259 आहे. द्रोणपर्वाच्या संपादनाची जबाबदारी बंगालचे विद्वान सुशीलकुमार डे यांनी पार पाडली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये महाभारतातील व्यक्तींचे जे परखड विवेचन केले, त्याचा आधारही हीच आवृत्ती होती.

चिकित्सक आवृत्ती सिद्ध होण्यापूर्वी उत्तर भारतात आणि महाराष्ट्रात जो पाठ प्रचलित होता, तो सतराव्या शतकातील टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांच्या ‘भारतभावदीप’ या टीकेसह छापला जात असे. गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातील हे पंडित काशीत स्थायिक झाले होते. त्यांच्या पाठात नंतरची भर अधिक असली, तरी या जागी तोही वेगळे काही सांगत नाही. तेथेही ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्टपणे उच्चारला जातो आणि तेवढेच. त्याहून पुष्कळ आधीच्या, भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकात तिसऱ्या अंकात सारथी अश्वत्थाम्याला त्याच्या पित्याच्या मृत्यूचा वृत्तान्त सांगतो. तेथेही युधिष्ठिराने मृत्यूची बातमी स्पष्ट सांगितली आणि शेवटी हळूच ‘गज’ असे म्हटले, असाच उल्लेख आहे. म्हणजे शंखाचा आवाज आणि ‘नर की कुंजर’ हा पर्याय ही दोन्ही मौखिक परंपरेची देणगी आहे.

हा फरक वरवर किरकोळ वाटेल, पण त्यावर सारे काही अवलंबून आहे. लोककथेतील युधिष्ठिर म्हणतो, ‘माणूस असेल किंवा हत्ती असेल’. याचा अर्थ तो आपल्याला ठाऊक नसल्याचा बहाणा करतो. मेलेला अश्वत्थामा हा हत्तीच आहे, हे भीमाने त्याला काही क्षणांपूर्वी सांगितलेले असल्यामुळे हा बहाणा सरळसरळ खोटा ठरतो. महाभारतातील युधिष्ठिर मात्र बहाणा करत नाही. तो जे घडले तेच शब्दशः बोलतो, फक्त त्यातील ज्या एका शब्दावर सत्य टांगलेले आहे तो शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचू देत नाही. पहिल्या कथेत संदिग्धता उत्तरात आहे. दुसरीत उत्तर मुळीच संदिग्ध नाही, ते पूर्ण आहे, आणि फसवणूक केवळ आवाजाच्या चढउतारात आहे. लोककथेने प्रसंग रंगतदार केला आणि शंखाची जबाबदारी कृष्णावर टाकून धर्मराजाला थोडे सोडवलेही, परंतु त्यामुळे मूळ कथेतील विलक्षण सूक्ष्मता हरवली. शंख फुंकणारा दुसरा कोणी नाही, आपला आवाज युधिष्ठिरानेच खाली नेला, हे महाभारताचे म्हणणे अधिक कठोर आहे आणि अधिक खरेही वाटते.

वाक्प्रचाराचा आजचा अर्थ लोककथेतील याच संदिग्धतेतून आलेला आहे. ‘नरो वा कुंजरो वा’ करणारा माणूस निर्णय टाळतो, कोणाचीच बाजू घेत नाही, अंगाला काही लावून घेत नाही, अशी समजूत रूढ झाली. युधिष्ठिराने यातले काहीच केले नव्हते. त्याने निर्णय घेतला होता, बाजू निश्चित होती, आणि आपल्या शब्दांचा परिणाम काय होणार याची त्याला पूर्ण कल्पना होती. त्याचे उत्तर गुळमुळीत असते तर द्रोणांनी पुन्हा विचारले असते. ते निःसंदिग्ध ऐकू आले म्हणूनच त्यांनी विश्वास ठेवला.

आणि हा विश्वास कसा वापरायचा, हे स्वतः द्रोणांनीच युधिष्ठिराला सांगून ठेवले होते. भीष्मपर्वात युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिर शस्त्रे ठेवून, पायी चालत कौरवसैन्यातील वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेण्यासाठी जातो. त्या वेळी त्याने द्रोणांना, तुम्हाला कसे जिंकता येईल, असे विचारले असता द्रोणांनी उत्तर दिले की, मी लढत असेपर्यंत मला कोणी मारू शकणार नाही. परंतु ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येईल अशा पुरुषाच्या तोंडून अत्यंत अप्रिय वार्ता ऐकली, तर मी शस्त्र टाकीन. शिष्यावरील प्रेमापोटी गुरूने आपल्या मृत्यूची किल्ली शिष्याच्या हाती दिली आणि पंधराव्या दिवशी शिष्याने ती फिरवली. अप्रिय वार्ता कोणती, हे कृष्णाने सुचवले. विश्वासार्ह पुरुष कोण, याविषयी मात्र सर्व कुरुक्षेत्रावर कोणालाही शंका नव्हती. युधिष्ठिराने आयुष्यभर सत्य बोलून जो विश्वास साठवला होता, तो सगळा त्याने या एका वाक्यात खर्चून टाकला. भीमाची तीच बातमी निष्फळ ठरली, कारण भीमाच्या शब्दामागे असा साठा नव्हता.

अश्वत्थामाच का, हेही पाहण्यासारखे आहे. द्रोणांच्या साऱ्या आयुष्याला वळण देणारी घटना या पुत्राच्या बालपणीची आहे. धनिकांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडला, तेव्हा इतर मुलांनी पाण्यात पीठ कालवून ते दूध म्हणून त्याला पाजले आणि तो आनंदाने नाचू लागला, हे आदिपर्वात द्रोण स्वतः सांगतात. त्या दारिद्र्याच्या दुःखातून ते बालमित्र द्रुपदाकडे गेले, तेथे त्यांचा अपमान झाला, त्या अपमानाचा बदला त्यांनी शिष्यांकरवी घेतला आणि त्या बदल्याला उत्तर म्हणून द्रुपदाने द्रोणांचा वध करणारा पुत्र यज्ञातून मिळवला. तोच धृष्टद्युम्न. पुत्रप्रेमातून सुरू झालेली ही साखळी पुत्रशोकातच येऊन संपली.

युधिष्ठिराच्या उत्तरानंतर द्रोण लगेच कोसळले नाहीत. ते आणखी काही काळ लढले, धृष्टद्युम्नाला त्यांनी जवळजवळ मारलेच होते. पण भीमाने त्यांच्या रथाजवळ येऊन, ज्याच्यासाठी हे सारे करता तो पुत्र मरून पडला आहे, धर्मराजाच्या शब्दावर तरी शंका घेऊ नका, असे बोलून त्यांना अखेरचा धक्का दिला. तेव्हा द्रोणांनी धनुष्य टाकले, पुत्राच्या नावाने आक्रोश केला, सर्व प्राणिमात्रांना अभय दिले आणि रथावरच ते योगस्थ बसले. त्यांचा आत्मा ऊर्ध्वगतीला जाताना केवळ पाच जणांना दिसला, असे संजय सांगतो, आणि त्या पाचांत स्वतः संजय, अर्जुन, कृप व कृष्ण यांच्याबरोबर युधिष्ठिरही आहे. ज्याच्या शब्दाने हे मरण ओढवले त्यालाच ते पाहण्याचे भाग्य, किंवा शिक्षा, मिळाली. अर्जुन आचार्यांना जिवंत आणा, मारू नका, असे ओरडत धावत असतानाच धृष्टद्युम्नाने त्या निःशस्त्र वृद्धाचे मस्तक तोडले.

या उत्तराचे मोल व्यासांनी तत्क्षणीच दाखवून दिले आहे. त्याआधी युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चालत असे. ते शब्द उच्चारताच त्याच्या घोड्यांचे पाय भूमीला लागले. चार अंगुळे हे अंतर किती थोडे आहे याचा विचार केला म्हणजे या कल्पनेचे संयमन ध्यानात येते. रथ मोडला नाही, युधिष्ठिर रथातून पडला नाही, आकाशवाणी झाली नाही. तो इतरांसारखा झाला, एवढेच. दुसऱ्या कोणत्याही योद्ध्याच्या बाबतीत ही शिक्षाच ठरली नसती.

अर्जुनाने मात्र भावाला सोडले नाही. द्रोणवधानंतर संतापलेला अश्वत्थामा चालून येत असताना त्याने युधिष्ठिराला स्पष्ट सुनावले की, सत्याचा कंचुक पांघरून तू गुरूशी असत्य बोललास, आणि वालीच्या वधामुळे रामाला जशी अपकीर्ती चिकटली तशी द्रोणांना पाडल्याची अपकीर्ती दीर्घकाळ टिकेल. कंचुक म्हणजे अंगरखा किंवा चिलखत. ‘नरो वा कुंजरो वा’चा खरा अर्थ अर्जुनाच्या या एका शब्दात आहे, आणि तो आजच्या कोशगत अर्थापेक्षा पुष्कळ धारदार आहे. युद्ध संपल्यावर, शांतिपर्वात, शोकाने खचलेला युधिष्ठिर स्वतःही याच शब्दांत स्वतःला दोष देतो. गुरूने माझ्यावर भरवसा ठेवून पुत्राविषयी विचारले आणि मी हत्तीला मध्ये घालून त्यांना फसवले, असे तो म्हणतो. ‘मी खोटे बोललोच नाही’ हा युक्तिवाद त्याला सहज उपलब्ध होता. त्याचा आश्रय त्याने एकदाही घेतला नाही.

कृष्णाने मांडलेला पक्ष याच्या अगदी उलट दिशेने जातो आणि तोही महाभारतालाच मान्य आहे. कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. नेहमी सत्यच बोलायचे असे व्रत घेतलेल्या कौशिकाने, दरोडेखोरांच्या भीतीने रानात लपलेल्या लोकांचा पत्ता त्या दरोडेखोरांना खराखरा सांगितला, ते लोक मारले गेले आणि सत्याचे सूक्ष्म रूप न जाणणारा कौशिक नरकात गेला. म्हणजे येथे सत्य बोलणारा नरकात जातो, तर द्रोणांच्या प्रसंगात सत्य झाकणाऱ्याच्या वाट्याला नरकाचे दर्शन येते. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तील ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात सत्यधर्माला अपवाद असावेत काय आणि कोणते, याची चर्चा करताना महाभारतातील अशा कथांबरोबर सिज्विक, ग्रीन यांच्यासारख्या पाश्चात्त्य नीतिशास्त्रज्ञांची मतेही तपासली आणि युधिष्ठिराच्या या उत्तराचाही परामर्श घेतला. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि 1915 मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ ज्या वाचकांसाठी होता, त्यांना असे पेच केवळ पुराणातले वाटत नव्हते. कृष्णाचा सल्ला आणि अर्जुनाचा धिक्कार या दोहोंपैकी एकाची निवड व्यासांनी वाचकासाठी करून ठेवलेली नाही. सैन्य वाचले हेही खरे आणि घोडे जमिनीला लागले हेही खरे.

त्या एका अस्पष्ट शब्दाचे पडसाद पुढे सौप्तिकपर्वात उमटतात. झोपलेल्या शत्रूंना मारणे अधर्म आहे, असे कृपाचार्य समजावू लागले असता अश्वत्थामा उत्तर देतो की, धर्माचा हा बांध पांडवांनी आधीच शंभर ठिकाणी फोडून टाकला आहे, कारण त्यांनी माझ्या पित्याला शस्त्र खाली ठेवल्यावर मारले. त्या रात्री त्याने धृष्टद्युम्नाला शस्त्राने मरण्याचा मानही न देता लाथाबुक्क्यांनी ठार केले आणि द्रौपदीच्या पाचही पुत्रांची हत्या केली. शिक्षा म्हणून त्याच्या मस्तकावरील मणी काढून घेतला गेला व भटकंतीचा शाप त्याला मिळाला. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत फिरणारा अश्वत्थामा मराठी लोकमानसात आजही जिवंत आहे. नर्मदा परिक्रमेत तो भेटल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यातील अस्तंबा शिखरावर दिवाळीच्या दिवसांत त्याच्या नावाने यात्रा भरते. ज्याच्या मरणाची खोटी बातमी सांगितली गेली तोच न मरणारा ठरावा, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

महाभारताने या प्रसंगाचा हिशेब मिटवला आहे तो अगदी शेवटच्या, स्वर्गारोहणपर्वात. स्वर्गात पोहोचलेल्या युधिष्ठिराला तेथे दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो, भाऊ दिसत नाहीत, म्हणून देवदूत त्याला अंधाऱ्या, दुर्गंधीने भरलेल्या वाटेने नेतो. तेथे त्याला केवळ आवाज ऐकू येतात. प्रथम त्याला ते ओळखू येत नाहीत. मग ते आवाज आपापली नावे सांगतात, मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. पुढे इंद्र येऊन खुलासा करतो की, द्रोणांना त्यांच्या पुत्राविषयी तू ‘व्याजाने’, म्हणजे कपटाने, फसवलेस, म्हणून तुलाही व्याजानेच नरक दाखवला गेला. दोन्ही ठिकाणी व्यासांनी योजलेला शब्द एकच आहे, आणि योजनाही एकच. आप्तांच्या दुर्दशेची वार्ता युधिष्ठिरालाही प्रत्यक्ष न दिसता केवळ कानांनी कळली, आणि द्रोणांप्रमाणेच तिच्यावर त्याचा विश्वास बसला. द्रोणांनी त्या क्षणी शस्त्र टाकले होते. युधिष्ठिराने देवदूताला परत पाठवले आणि आपल्या येथे असण्याने या भावांना दिलासा मिळतो, म्हणून आपण येथेच राहणार, असे त्याच्याकरवी इंद्राला स्पष्ट शब्दांत कळवले.